साथीतला दुभाषी

दुभाषी म्हटला की दोन देशांच्या वकिलांमध्ये बसलेला माणूस आपल्याला आठवतो. मराठी डॉक्टरला मराठी रोग्याशी बोलतानाही दुभाषी लागतो, हे कोणी सहसा मान्य करीत नाही. २०२० च्या करोना साथीने ते उघड केले.

मी रेवदंड्याला शिकवतो. येथे आगरी-कोळी बोली आहे, डोंगराकडेला कातकरी वाड्या आहेत, आणि खाडीपलीकडे कोर्लईत १७४० साली पोर्तुगीज राज्य गेल्यावरही टिकलेली पोर्तुगीज वळणाची बोली आहे. या सर्वांना सरकारने सांगितले : विलगीकरण करा, सहव्याधी असल्यास कळवा, प्रादुर्भाव टाळा. हे मराठी कोणाचे? इंग्रजी कळत नाही म्हणून घडवलेले हे शब्द इंग्रजीइतकेच परके आहेत. 'पॉझिटिव्ह'ची तऱ्हा आणखी निराळी. शाळेत गेलेल्या पोराला त्याचा अर्थ 'चांगले' असा शिकवलेला असतो.

मग सांगायचे कोणी? आशाताईने. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत त्या घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत हिंडल्या. 'सहव्याधी'चे भाषांतर त्या असे करीत : "साखर आहे का? बीपीची गोळी चालू आहे का? चढ चढताना दम लागतो का?" एका शब्दाचे तीन प्रश्न होतात, तेव्हा भाषांतर पुरे होते. त्याहून अवघड होते ते चालत्याबोलत्या माणसाला केवळ बोटाला लावलेल्या यंत्रातल्या आकड्यावरून दवाखान्यात जायला तयार करणे. मेलेला माणूस घरी परत मिळणार नाही, ही धास्ती लोकांना होती. तिला उत्तर शब्दकोशात नव्हते. ते आशाताईवरच्या भरवशात होते.

आता एक शब्द, 'सामाजिक अंतर'. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी ज्या जिल्ह्यात ओंजळीत घेतले गेले, त्याच जिल्ह्यात भिंतीभिंतीवर 'सामाजिक अंतर पाळा' असे लिहिले गेले. हे अंतर आम्हांला नव्याने शिकवण्याची गरज होती काय? जागतिक आरोग्य संघटना २० मार्च २०२० च्या पत्रकार परिषदेत 'शारीरिक अंतर' म्हणू लागली होती. तारखांचा योग असो. पण आपल्याकडे भाषांतर करणाऱ्याला तो शब्द खटकला नाही, कारण तो कधी त्या अंतराच्या पलीकडे उभा राहिलेला नव्हता. वाडीत बोलणाऱ्या बाईने "दोन हात लांब बसा" म्हटले, आणि काम झाले.

आमच्यासारख्या घरांत पहिला शिकलेला मुलगा हाच घराचा दुभाषी असतो. चिठ्ठी वाचायची, डॉक्टरचे बोलणे आजीला सांगायचे, आणि आजीचे लाजून न सांगितलेले दुखणे डॉक्टरला. ते पोराचे कर्तव्य समजले जाते. अमेरिकेत काळ्यांच्या लढ्यातून १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, आणि त्याच्या आधाराने पुढे रुग्णालयांवर दुभाषी पुरवण्याचे बंधन आले. तेथे तो रोग्याचा हक्क ठरला. येथे तो आशाताईचा चांगुलपणा राहिला. साथीतल्या कामासाठी केंद्राने तिला महिना १००० रुपये जादा ठरवले होते. १५ जून २०२१ ला राज्यातील आशा संपावर गेल्या.