आप्पांच्या खोलीतली हवा

निरगुडसरला मावशीकडे दिवस मावळला की दारं-खिडक्या लागतात. कारण बिबट्या. डिंभे धरणाचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला आला; जुन्नर-आंबेगावात हे आता कुणाला नवीन नाही. थंडीत गाळप सुरू झालं की तोडलेल्या फडातलं पाचट पेटतं. काळी जळकी पानं उडत येतात, दोरीवरच्या कपड्यांवर बसतात. मावशी त्यांच्या नावानं बोटं मोडते. खरं तर ती पानं निरुपद्रवी. छातीत खोल जातात ते अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे पीएम २.५. ते सुटे दिसतच नाहीत. त्यातून थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची तिच्याहून उबदार, त्यामुळे धूर वर जात नाही, गावावरच बसून राहतो.

घरातल्या आप्पांना जुना दमा. म्हणून मावसभावानं एअर प्युरिफायर आणला. “दोन महिने झाले, काही फरक नाही,” तो कुरकुरला. मी मागचं झाकण काढलं. आतला फिल्टर कारखान्यातून आला तसा प्लास्टिकच्या पिशवीत! पिशवी फाडायची सूचना पुस्तिकेत होती आणि पुस्तिका खोक्यात.

“म्हणजे दोन महिने नुसता पंखाच का रे?” आप्पा म्हणाले.

पिशवी निघाली, पण यंत्र खोलीला पुरेल का, हा प्रश्न उरलाच. त्यासाठी खोक्यावरचा एकच आकडा बघायचा: सीएडीआर. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, ते हा आकडा सांगतो. अमेरिकेतल्या गृहोपयोगी उपकरणांच्या उत्पादक संघटनेनं, म्हणजे ‘आहाम’नं, त्याची चाचणी रूढ केली. १००८ घनफुटांच्या बंद खोलीत सिगारेटचा धूर सोडतात आणि तो यंत्राशिवाय किती वेगानं ओसरतो, यंत्र लावल्यावर किती, हे मोजतात. धूळ आणि परागकण यांचीही अशीच परीक्षा. गंमत म्हणजे ती खोली साधारण साडेदहा बाय बारा फुटांची, आपल्याकडच्या झोपायच्या खोलीएवढीच.

आप्पांची खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट. म्हणजे १२०० घनफूट, सुमारे ३४ घनमीटर. धुरासाठी खोलीतली हवा तासाला पाचेक वेळा गाळली जावी असा ठोकताळा आहे. चौतीस पंचे १७०. तेवढा सीएडीआर हवाच.

जाहिरातीतलं ‘५०० चौरस फुटांसाठी’ मात्र विसरा. नऊ फूट उंचीची तेवढी जागा म्हणजे १२७ घनमीटर. तीनशे सीएडीआरचं यंत्र तिथली हवा तासाला अडीच वेळाही फिरवत नाही. शिवाय छापलेला आकडा सगळ्यात मोठ्या वेगाचा असतो. त्या आवाजात आप्पा झोपतील कसे? रात्री यंत्र हळू चालतं आणि आकडा पार खाली येतो. म्हणून मी गरजेच्या दुप्पट सीएडीआरचं यंत्र घ्या म्हणतो.

फिल्टर अस्सल हेपा असावा, ‘हेपासारखा’ नव्हे. हेपाचा जन्म दुसऱ्या महायुद्धातल्या अणुबॉम्ब प्रकल्पातला, किरणोत्सारी धूळ अडवायला. अमेरिकी व्याख्येप्रमाणे तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडतो. हाच आकार का? तो पकडायला अवघड म्हणून. मोठे कण सरळ जाऊन तंतूंवर आपटतात, अगदी बारीक कण थरथरत भरकटतात आणि चिकटतात, मधले निसटतात. वासासाठी कोळशाचा थर लागतो, पण चिमूटभर कोळशानं काही होत नाही. ओझोन सोडणारी यंत्रं दम्याच्या माणसाच्या खोलीत नकोतच.

आता खिडकीचा हिशेब. बाहेर पीएम २.५ घनमीटरमागे दोनशे मायक्रोग्रॅम आहे, खिडक्या बंद आहेत आणि फटींतून खोलीची हवा तासाला एकदा बदलते, असं धरू. यंत्रानं पाच वेळा गाळली तर आत तेहतीसच्या आसपास राहील. खिडकी उघडून तासाला दहा वेळा हवा आली, तर त्याच यंत्रासमोर एकशे तेहतीस. भारताचं चोवीस तासांचं मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५. पत्र्याखालच्या मोकळ्या फटी बुजवल्या नाहीत तर यंत्राचे पैसे पाण्यात. या बाबतीत बिबट्यानं आप्पांवर उपकारच केले म्हणायचे.

आणि तरी त्यांच्या खाटेखाली डासांची कॉइल जळत होती. चीन-मलेशियातल्या कॉइलींवरच्या २००३ च्या अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण निघाले होते. मी ती विझवली, मच्छरदाणी बांधली. 

पाचटाला उपाय आहे. ते सरीत आच्छादून खोडवा ठेवता येतो. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातल्या ‘आरती’ संस्थेनं पाचटापासून कोळसा केला आणि त्यासाठी २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळवला. पण शेजारचा फड आपल्या हातात नसतो, तोवर आप्पांना एक नीट बंद केलेली खोली हवीच.

दुकानात गेलात तर रंग, दिवे, अ‍ॅप काही विचारू नका. धुरासाठी सीएडीआर किती, रात्रीच्या वेगावर किती आणि नवा फिल्टर केवढ्याला, एवढंच विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुसरं दुकान बघा. आणि घरी आणल्यावर आधी पिशवी काढा.