सोलापूरचे बेट : तळ्यातला सिद्धेश्वर

'चारी बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात,' हे वाक्य तुमच्या मुलांनी भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेले असेल. पण बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, सांगोल्याकडच्या मुलाने बेट पाहायचे कुठे? समुद्र आपल्यापासून शेकडो मैल दूर. मुंबईला जाऊन घारापुरीची लेणी पाहावीत किंवा मुरुडला जाऊन होडीतून जंजिरा पाहावा, तर सगळ्या घराचा खर्च पेलत नाही आणि गोठ्यातली जनावरेही चार दिवस कुणावर टाकून जाता येत नाहीत. मग मुलांची हौस तशीच राहते.

वाचकहो, अशा वेळी लांब जायची गरज नाही. सोलापूर शहराच्या अगदी मध्यावर एक लहानसे बेट आहे. आपल्यापैकी कितीतरी जण दर वर्षी गड्ड्याला जातात, त्या बेटावर नारळ फोडतात, प्रसाद घेतात आणि घरी येतात. पण आपण बेटावर जाऊन आलो, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ते बेट म्हणजे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वराचे देऊळ. या सुट्टीत मुलांना घेऊन तिथे जा. मात्र जाण्याआधी त्याची गोष्ट त्यांना सांगा, म्हणजे पाहण्यात गोडी येईल.

पाण्याच्या कुशीतले देऊळ

बाजारपेठेची गर्दी, रिक्षांचा गोंगाट मागे टाकून आपण तळ्याच्या काठाशी येतो आणि एकदम मोकळे वाटते. समोर पाणी, पाण्याच्या मधोमध देऊळ आणि तिथवर नेणारी दगडी वाट. चांगला पाऊस झालेल्या वर्षी पायऱ्यांना पाणी लागते आणि शिखराची सावली तळ्यात हलताना दिसते. एका बाजूला भुईकोट किल्ल्याची काळी तटबंदी उभी आहे.

आवारात शिरल्यावर सिद्धेश्वरांची समाधी लागते. भाविक आधी समाधीपुढे माथा टेकतात, मग गाभाऱ्यात जातात. आवारात अमृतलिंग आहे. विठ्ठल-रुक्मिणीचे देऊळही आहे, त्यामुळे वारकरी घरातली म्हातारी माणसेही इथे रमतात. दर्शन झाले की घाईने परत फिरू नका. पायरीवर घटकाभर बसा. पाण्यावरून येणारा वारा भर उन्हातही अंगाला बरा वाटतो.

हुरड्याची गोष्ट

हे स्थान ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते सिद्धराम ऊर्फ सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात होऊन गेले. तेव्हा या गावाचे नाव सोन्नलगी असे होते. सोळा गावे मिळून सोलापूर झाले, असे आपल्याकडे सांगतात, पण जुन्या लेखांत सापडते ते हे सोन्नलगीसारखे नाव. सिद्धरामांचे वडील मुद्दगौडा आणि आई सुग्गव्वा. म्हणजे घर शेतकऱ्याचेच.

त्यांच्या लहानपणची एक गोष्ट घरोघर सांगतात. अबोल स्वभावाचा हा मुलगा रानात राखणीला असे. एके दिवशी मल्लय्या नावाचा एक जंगम तिथे आला आणि म्हणाला, "बाळ, भूक लागली आहे." मुलाने कोवळी कणसे भाजून हुरडा दिला. तो खाल्ल्यावर जंगम म्हणाला, "पोटात आग पडली रे, दहीभात मिळेल का?" मुलगा धावत घरी गेला आणि आईकडून दहीभात घेऊन परत आला, तर जंगम दिसेना. 'मल्लय्या, मल्लय्या' अशी हाक मारीत तो रानोमाळ हिंडला आणि शेवटी यात्रेकरूंच्या मागोमाग थेट श्रीशैलला पोचला. तिथेही मल्लय्या भेटला नाही, तेव्हा त्याने कड्यावरून उडी घ्यायचे ठरवले. त्या क्षणी प्रत्यक्ष मल्लिकार्जुनाने त्याला सावरले आणि आपल्या गावी परत जाऊन काम करण्याची आज्ञा केली.

आपल्या भागातल्या देवाची पहिली ओळख अशी हुरड्याने झाली. माघारी आलेल्या सिद्धरामांनी पुढे कन्नडमध्ये वचने रचली. त्या वचनांत 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही मुद्रा येते, म्हणजे ती हाक त्यांनी जन्मभर सोडली नाही. त्यांच्या चरित्रावर राघवांक या कन्नड कवीने तेराव्या शतकात 'सिद्धराम चरित्र' हे काव्य लिहिले.

तळे खणणारा योगी

गावी परत आल्यावर सिद्धरामांनी काय केले? त्यांनी गावाच्या पंचक्रोशीत ६८ लिंगांची स्थापना केली आणि शिष्यांना बरोबर घेऊन तळे खणायला सुरुवात केली.

हे मोठेपण शेतकऱ्याला अधिक कळेल. सोलापूरचा पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही वेळेवर पडेल याचा भरवसा नाही. अशा मुलखात पडलेले पाणी अडवून ठेवण्यासारखे दुसरे पुण्य नाही. गावाला पाणी मिळावे म्हणून या योग्याने फावडे-टोपली उचलली आणि तेच आपले व्रत मानले. देवळाला वेढणारे तळे ते हेच, अशी परंपरा आहे. तेव्हा हे बेट समुद्राने किंवा नदीने दिलेले नाही. माणसांनी घाम गाळून माती उपसली आणि पाणी साठवले, म्हणून इथे बेट दिसते.

कन्नड वाङ्मयात याच तळ्याच्या कामावरचा एक प्रसंग सांगितला आहे. थोर शरण अल्लमप्रभू सोन्नलगीला आले. तळ्याचे काम जोरात चालले होते. त्यांनी मुद्दाम विचारले, "तो तुमचा वडार सिद्धराम कुठे आहे?" आपल्या गुरूला दगडफोड्या म्हटलेले ऐकून शिष्य चिडले आणि त्यांनी अल्लमप्रभूंवर दगड टाकले. पुढे गुरू स्वतः आले. बाहेर तळी आणि देवळे बांधलीस, पण मनातले काम पुरे झाले का, असा अल्लमप्रभूंचा प्रश्न होता. तो सिद्धरामांच्या मनाला लागला. ते अल्लमप्रभूंबरोबर बसवकल्याणला गेले, बसवेश्वरांच्या अनुभव मंटपात सामील झाले आणि पुढे तिथल्या शून्यपीठाचा मानही त्यांच्याकडे आला. शेवटी त्यांनी समाधी घेतली ती आपल्या सोन्नलगीतच, असे सोलापूरकर मानतात.

आज पाहिले तर, दगडफोड्या म्हणून ज्यांना हिणवले त्यांच्याच समाधीपुढे सारे सोलापूर माथा टेकते.

काठीचे लग्न आणि वासराची भाकणूक

या बेटाला खरा बहर येतो तो जानेवारीत, भोगी-संक्रांतीच्या सुमारास. तीच आपली गड्डा यात्रा. तिच्यामागेही एक कथा आहे. एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशीच लग्न करण्याचा हट्ट धरला. सिद्धराम संन्यस्त वृत्तीचे. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह लावण्याची परवानगी दिली. तोच विवाहसोहळा इतकी शतके लोटली तरी दर वर्षी होतो.

योगदंडाचे प्रतीक म्हणून सात उंच नंदीध्वज निघतात. पांढऱ्याशुभ्र बाराबंदी घातलेले मानकरी हे जड ध्वज तोलून धरत शहरभर चालतात. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, त्याला 'यण्णीमज्जन' असा कन्नड शब्द आहे. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात. तेव्हा हजारो लोक एकाच वेळी हात वर करतात, तो क्षण मुलांना जरूर दाखवा. मग होम मैदानावर होम होतो. त्यात बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या करून तिला साडी-मंगळसूत्राने सजवतात आणि अग्नी देतात. त्यानंतर शोभेचे दारूकाम आणि शेवटी कप्पडकळीने यात्रेची सांगता होते. या ध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे वाटलेले आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा बोलणारे हे गाव त्या दिवसांत एक होऊन जाते.

शेतकऱ्याचे डोळे मात्र लागलेले असतात ते भाकणुकीकडे. होमाच्या रात्री दिवसभर उपाशी ठेवलेले एक वासरू आणतात. त्याच्यापुढे धान्ये, चारा, पाणी ठेवतात. ते कशाला तोंड लावते, बुजते की शांत राहते, शेण-मूत्र टाकते का, यावरून पुढच्या वर्षीचा पाऊस आणि धान्याचे भाव यांचा अंदाज बांधतात. जुनी माणसे तो ऐकायला कान टवकारून उभी असतात.

श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. पण वाचकहो, एक विचार मनात येतो. ज्यांच्या नावाने ही भाकणूक होते, ते स्वतः पावसाची वाट पाहत बसले नव्हते. पाऊस कमी पडो की जास्त, पडेल तो साठवायचा, असे ठरवून त्यांनी तळे खणले. वासरू काय सांगायचे ते सांगेल, पण तळे खणणे आपल्या हातात आहे. सिद्धेश्वराच्या पायरीवर बसून घ्यायचा धडा हाच.

शेजारचा किल्ला

देऊळ पाहून झाले की किल्ला पाहा. हा भुईकोट बहामनी राजवटीतला. दुहेरी तटबंदी, भक्कम बुरूज आणि बाहेर खंदक. तळ्याच्या अंगाला मात्र तळेच किल्ल्याची राखण करी. म्हणजे एका योग्याच्या नावाचे पाणी पुढे लढाईच्याही कामी आले. किल्ल्यात जुन्या मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष आहेत. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या इंग्रज फौजेने हा किल्ला पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला. मुलांना मराठेशाहीचा शेवट धड्यातून समजावून सांगण्यापेक्षा या तटावर उभे करून सांगा, लवकर ध्यानात राहील.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

एस. टी. स्टँड काय किंवा रेल्वे स्टेशन काय, दोन्हीकडून रिक्षाने थोड्या वेळात देवळापाशी पोचता येते. सकाळी लवकर गेलात तर ऊन लागत नाही आणि गर्दीही कमी असते. पावसाळा सरल्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ चांगला. तेव्हा तळ्याला पाणी असते आणि हवाही थंड असते. यात्रेच्या दिवसांत गेलात तर मुलांचा हात सोडू नका. ध्वज जवळून पाहायचे असतील तर आधीपासून जागा धरा. पाण्याच्या कडेला पायऱ्या निसरड्या असतात, तेवढे जपा.

घरून भाकरी बांधून नेली तर उत्तमच. नाहीतर सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहेच. कडक भाकरी प्रवासाला चांगली, चार दिवस टिकते. परत येताना घरच्या म्हाताऱ्यांसाठी सोलापुरी चादर घ्या, म्हणजे सहलीची आठवण थंडीत उपयोगी पडेल.

शेवटी एवढेच

आज सोलापूरला उजनीचे पाणी येते. इंग्रजी अमदानीत हिप्परग्याला एकरूखचा मोठा तलावही झाला. त्यामुळे सिद्धेश्वराचे तळे आता पिण्याच्या पाण्यासाठी लागत नाही. आणि जे पाणी प्यावे लागत नाही त्याची काळजी कमी होते, हा माणसाचा स्वभाव. निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि गाळ यांनी तळ्याला त्रास होतो. आपण तरी हार-नारळाची पिशवी पाण्यात टाकू नये. ज्याने तळे खणले त्याच्याच तळ्यात केर टाकून कसले पुण्य मिळणार?

आणि घरी परतल्यावर आपल्या गावच्या तळ्याकडे, ओढ्याकडे एकदा जाऊन पाहा. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच वडीलधाऱ्यांनी खडी फोडली, बांध घातले, तलाव खणले. त्यातल्या कितीकांत आज गाळ भरला असेल. तो गाळ म्हणजे आपल्याच रानातून वाहून गेलेली माती. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेतून असा गाळ काढून शेतात टाकण्याचे काम राज्यात कितीतरी ठिकाणी झाले आहे. आपल्या गावात झाले नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत विषय काढा. तळ्यात पाणी वाढेल आणि हलक्या रानाला कसदार माती मिळेल.

सहलीहून आल्यावर मुलगा विचारील, "बाबा, आपण पाहिले ते बेट कुणी केले?" तेव्हा त्याला सांगा, "आपल्यासारख्याच रानात राबणाऱ्या माणसांनी." आणि जमले तर एका सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन गावच्या तळ्यावर जा. दोन टोपल्या गाळ त्यालाही उचलू द्या.