हरणांच्या कुरणातील निंदण

(बी. ए. भाग २)

निंदण म्हटले की आपल्यापुढे कपाशीचे वावर आणि पात धरून बसलेल्या बाया उभ्या राहतात. रानातल्या हरणांसाठीही निंदण करावे लागते, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. जानेवारीत आम्ही मैत्रिणी टिपेश्वर अभयारण्य पाहायला गेलो होतो. एका गवताळ मोकळ्या जागेत चितळांचा कळप चरत होता. वाटाड्याने सांगितले की, अशा कुरणांतले तण पावसाळ्यात माणसे लावून काढावे लागते. खरे सांगायचे तर मला रागच आला. कपाशीत रोही शिरू नयेत म्हणून माझे बाबा रात्र रात्र जागलीला असतात, आणि इकडे हरणांचे वावर निंदले जाते!

घरी आल्यावर मी आईला हे सांगितले. आई निंदणाच्या मजुरीला जाते. माझी फी त्याच पैशातून भरली जाते. ती म्हणाली, "तिकडं निंदाले बाया लागत असन ना व? रोज किती देतेत?" मग थोडे थांबून, "फुलावर याच्या आंधी उपटतेत का नाही?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे समजले, ते येथे मांडते.

टिपेश्वर हे आपल्याच जिल्ह्यातील, पांढरकवड्याजवळचे, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. मेळघाटातील कुंड, बोरी, कोहा किंवा ताडोब्यातील नवेगाव, जामणी अशी गावे जंगलाबाहेर वसवली गेली, तेव्हा त्यांची वावरे चितळ-सांबरांसाठी कुरणे म्हणून मोकळी झाली. परंतु वावर पडीक टाकले की आपोआप कुरण होत नाही. नांगरलेल्या मातीत तणाचे बी आधीच पडलेले असते. शिवाय चरणारे जनावर चवीचे गवत खाते आणि नको ते सोडून देते. जे सोडले त्याचेच बी पडते. काही वर्षांत मारवेल, डोंगरी, हरळी मागे पडतात व तणाचे राज्य होते.

यातला पहिला तरोटा. मृगाच्या पावसानंतर त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपण आवडीने खातो, पण वाढलेल्या तरोट्याला जनावर सहसा तोंड लावत नाही. त्याच्या बियांचे कवच टणक असते. सगळे बी एकाच वर्षी उगवत नाही, काही मातीत वर्षानुवर्षे दडून राहते. दुसरी रानतुळस, तिच्या उग्र वासामुळे जनावरे दूर राहतात. तिसरे गाजरगवत, आणि चौथी घाणेरी. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून कलकत्त्याच्या बागेत आली, आणि आज देशभरच्या जंगलांत पसरली आहे. तिचा पाला गुरांना विषारी असतो.

उपाय तणाप्रमाणे बदलतो. तरोटा व रानतुळस पावसाळ्यात, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावी लागते. नुसती वरून कापली तर खालून पुन्हा फुटते. फूल येऊन शेंगा धरल्यावर उपटली, तर उपटणाराच बी सांडत जातो. घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत घालून दिली. झुडूप जमिनीच्या जरा खाली मुख्य मुळाशी तोडायचे आणि उलटे करून वाळू द्यायचे. तिची फळे पाखरे खातात, म्हणून पाखरे बसतात त्या झाडांखाली उगवलेली रोपे पुढची काही वर्षे उपटत राहावे लागते. तणनाशकाचा मोह होतो. पण तेच गवत हरणांनी खायचे आणि तेथलेच पाणी प्यायचे, तेव्हा हाताचे काम बरे.

तण निघाल्यावर जमीन उघडी ठेवली तर तेच परत येते. म्हणून लगेच चांगल्या गवताचे ठोंब लावतात किंवा बी टाकतात. अमेरिकेत शिकारीचे हौशी लोक हरणांसाठी आपल्या बरसीमच्या जातीचे क्लोव्हर पेरतात. तेथेही तण बी धरण्याआधीच कापावे लागते.

म्हणजे आईचा प्रश्न बरोबर होता. जे तिने कुठल्याही पुस्तकात वाचले नाही, तेच या कामाचे मुख्य सूत्र आहे.

माझा राग पूर्ण गेला असे मात्र म्हणणार नाही. रोही जंगलाबाहेरच्या पडीतही राहतात. टिपेश्वरचे कुरण कितीही चांगले झाले तरी आमच्या वावरातले रोही थांबणार नाहीत, आणि बाबांची जागल सुटणार नाही. पण जंगलाला लागून ज्यांची वावरे आहेत, त्यांचे काय? आत पोटभर चारा असेल, तर चितळाला बाहेर पिकात येण्याची गरज कमी पडेल. तेव्हा ते निंदण हरणांचे तसे त्या शेतकऱ्यांचेही आहे.

यंदा श्रावणात मी आईबरोबर आमच्या धुऱ्यावरचा तरोटा उपटला. एरवी आम्ही धुरा तसाच सोडायचो आणि दरवर्षी वावरात तरोटा कुठून येतो म्हणून नवल करायचो. त्या दिवशी आईने पुन्हा विचारले, "मंग, रोज किती देतेत ते इचारलं का?" ते विचारायचे मी विसरले होते. ज्यांच्या हातांवर हे काम चालते त्यांना काय मिळते, हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता, असे आता वाटते.