हुसेन यांचं गाव कुणी पाहिलं?

मकबूल फिदा हुसेन यांच्या नावाचं संग्रहालय अखेर उभं राहिलं, पण कतारमध्ये. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोह्यात ते उघडलं. आपल्याकडे मात्र हुसेन म्हटलं की गप्पा दोनच: देवींची चित्रं आणि कोटींचे आकडे.

तुकोबांची पालखी आपल्या इंदापूर तालुक्यातून ज्या गावाला जाते, त्याच पंढरपुरात १९१५ साली हुसेन जन्मले. ते अगदी तान्हे असताना आई गेली आणि बालपण इंदूरला सरलं. त्यामुळे त्यांच्या घोड्यांत पालखीच्या वाटेवरच्या बेलवाडीच्या रिंगणातला अश्व शोधणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते घोडे मोहरमच्या मिरवणुकीतून आणि चीनमध्ये पाहिलेल्या तांगकालीन मूर्तींतून आले असावेत, हेच जास्त पटतं. आपल्या तालुक्यातल्या वरकुट्याच्या माणसाला ओळखीचं वाटेल असं त्यांचं चित्र वेगळंच आहे.

ते म्हणजे १९५४ सालचं ‘ग्राम यात्रा’. जवळजवळ चौदा फूट लांब, आत तेरा प्रसंग. दळणाऱ्या, ताक घुसळणाऱ्या बाया, लेकरं, बैलगाड्या. मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलेला हा माणूस देश नवा असताना शहर सोडून खेडं रंगवत होता. दिल्लीत आलेल्या एका परदेशी डॉक्टरनं ते विकत घेतलं, १९६४ साली ओस्लोच्या रुग्णालयाला देऊन टाकलं, आणि पुढं कित्येक दशकं आपलं जातं नॉर्वेतल्या रुग्णालयाच्या भिंतीवर टांगलेलं राहिलं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये आले, तेव्हा आपल्याला त्याची आठवण झाली. तीही आकड्यापुरती.

आता वाद. देवींची जी रेखाटनं गाजली, त्यातली बरीच सत्तरच्या दशकातली. वीसेक वर्षं त्यांच्यावर कुणी ओरडलं नाही. १९९६ साली एका हिंदी मासिकानं ती छापली आणि खटल्यांची रांग लागली. १९९८ साली मुंबईतल्या घरावर हल्ला झाला. एखाद्याला ती चित्रं खुपली तर त्याला मी अडाणी म्हणणार नाही. पण न आवडणं वेगळं आणि घर फोडणं वेगळं. माझी हुसेन यांच्याबद्दलची तक्रार निराळी आहे. १९७५ साली आणीबाणी आली तेव्हा त्यांनी इंदिरा गांधींना दुर्गारूपात रंगवलं. स्वातंत्र्याच्या बाजूनं बोलणारे हे चित्र सोयीनं विसरतात आणि विरोधकांना त्याचं काही वाटत नाही.

मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं, न्या. संजय किशन कौल यांनी, अश्लीलतेचे खटले रद्द केले. तरी देश सोडून गेलेले हुसेन परतले नाहीत. २०१० साली कतारचं नागरिकत्व घेतलं, ९ जून २०११ रोजी लंडनला वारले.

त्यांच्यामागेही कज्जे संपलेले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं एका प्रदर्शनातली त्यांची दोन चित्रं जप्त करायला सांगितली. आणि जूनमध्ये मुंबईत त्यांच्या २५ चित्रांचा लिलाव झाला, एका उद्योजकाच्या थकीत कर्जाच्या वसुलीसाठी, पोलिस बंदोबस्तात.