आकड्यांचाही केसपेपर हवा

सीओपीडी हा फुप्फुसांचा चिवट आजार. धाप वाढली की रुग्ण दाखल होतो, बरे वाटले की घरी जातो आणि काही आठवड्यांत पुन्हा रुग्णालयाच्या दारात उभा राहतो. ही येरझार कमी व्हावी म्हणून अमेरिकेतील एका रुग्णालयात २४० रुग्णांवर एक अभ्यास झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांना त्याच्या जोडीला खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांची तीन महिने साथ मिळाली. २०१८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. साथ मिळालेल्या गटात सहा महिन्यांत पुन्हा दाखल होण्याचे किंवा तातडीच्या विभागात येण्याचे प्रसंग दर रुग्णामागे सरासरी ०.७२ होते आणि दुसऱ्या गटात १.४०. उपक्रम यशस्वी ठरला, अशीच सर्वांची समजूत झाली.

२०१९ मध्ये तो लेख मागे घेण्यात आला आणि दुरुस्त लेख प्रसिद्ध झाला. उपचार चुकले नव्हते, मोजणीही चुकली नव्हती. संगणकात दोन गटांना अंकांनी ओळखले जात होते. विश्लेषणासाठी ते अंक बदलताना त्यांची अदलाबदल झाली. प्रत्यक्षात १.४० हा आकडा साथ मिळालेल्या गटाचा होता! एका अंकाचा अर्थ फिरला आणि निष्कर्ष पार उलटा झाला.

दुसरे उदाहरण अनेक देशांचे आहे. सहा देशांतील सुमारे ११७० मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात आला. धार्मिक घरांतील मुले आपल्याजवळचे इतरांना देण्यात हात आखडता घेतात, असा त्याचा निष्कर्ष जगभर गाजला. या अभ्यासात प्रत्येक देशाला १, २, ३ असे क्रमांक दिले होते. हे क्रमांक म्हणजे फक्त नावाच्या जागी लावलेले बिल्ले. विश्लेषणात मात्र ते मोजमाप म्हणून वापरले गेले. म्हणजे २ क्रमांकाचा देश १ क्रमांकाच्या देशाच्या दुप्पट, ३ क्रमांकाचा तिप्पट! इतर संशोधकांनी मूळ माहिती मागवून गणित नीट मांडले, तेव्हा दिसलेला फरक मुख्यतः देशादेशांतला होता, हे उघड झाले. २०१९ मध्ये हा लेखही मागे घेतला गेला.

या दोन्ही प्रसंगांत चूक सापडली, कारण कोणता अंक कशासाठी वापरला, हे शोधून काढता आले. ही नोंद नसेल तर आकडे म्हणजे केसपेपर नसलेला बेशुद्ध रुग्ण. नाडी लागते, रक्तदाब मोजता येतो. पण त्याला मधुमेह आहे का, सकाळी कोणती गोळी घेतली, कशाची अॅलर्जी आहे, काहीच कळत नाही.

आजाराबाबत हे चटकन पटते. पण हाच प्रश्न लोकशाहीच्या प्रकृतीबाबतही आहे. अमुक देशात लोकांचा निवडणुकांवरचा विश्वास घटला, तमुक देशात तरुण मतदानाला जात नाहीत, अशा बातम्या येतात. अशा तुलनांना आधार लागतो तो मतदारांच्या सर्वेक्षणांचा. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९४८ पासून अशी सर्वेक्षणे होत आली आहेत. भारतात दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेने १९६० च्या दशकात या कामाला सुरुवात केली आणि १९९७ पासून तिचा ‘लोकनीती’ हा कार्यक्रम ते पुढे नेत आहे. अडचण अशी की प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने, आपापल्या शब्दांत प्रश्न विचारत होता. एकाने ताप सेल्सिअसमध्ये मोजावा, दुसऱ्याने फॅरनहाइटमध्ये आणि तिसऱ्याने फक्त ‘अंग गरम’ असे लिहावे, तशी गत.

यावर उपाय म्हणून १९९४ मध्ये ‘कम्पॅरेटिव्ह स्टडी ऑफ इलेक्टोरल सिस्टिम्स’ हा प्रकल्प आकाराला आला. सीएसईएस या नावाने तो ओळखला जातो. त्याचे कार्यालय मिशिगन विद्यापीठ आणि जर्मनीतील गेसिस ही संस्था मिळून चालवतात. कल्पना सोपी आहे. राष्ट्रीय निवडणूक झाली की प्रत्येक सहभागी देशाने आपल्या सर्वेक्षणात दहा-पंधरा मिनिटांची एक सामाईक प्रश्नावली जोडायची. दर पाच वर्षांनी प्रश्नांचा संच बदलतो. पहिला १९९६ ते २००१ या काळातला, सहावा २०२१ ते २०२६ चा. २०११ ते २०१६ च्या संचात सरकारने आरोग्यावर जास्त खर्च करावा की कमी, हाही प्रश्न होता. मतदाराच्या उत्तरांबरोबर त्याच्या मतदारसंघाचा निकाल आणि देशाची निवडणूक पद्धत यांचीही नोंद ठेवली जाते. मतदार, मतदारसंघ आणि देश अशी ही तीन मजली रचना आहे.

देशोदेशीचे आकडे गोळा झाले की खरे किचकट काम सुरू होते. प्रत्येक उत्तराला अंक द्यायचा आणि त्या अंकाचा अर्थ संकेतपुस्तिकेत लिहायचा. इंग्रजीत तिला कोडबुक म्हणतात. समजा, ‘देशातील लोकशाहीच्या कारभारावर तुम्ही किती समाधानी आहात?’ असा प्रश्न आहे. १ म्हणजे पूर्ण समाधानी, ५ म्हणजे अजिबात नाही. पण काही जण उत्तर द्यायला नकार देतात, त्यांना ७. काही ‘माहीत नाही’ म्हणतात, त्यांना ८. काहींचे उत्तर नोंदलेच जात नाही, त्यांना ९. आता शंभर लोकांपैकी नव्वद जणांच्या उत्तरांची सरासरी ३ आली आणि दहा जण ‘माहीत नाही’ म्हणाले, असे धरू. संकेतपुस्तिका न वाचता बेरीज करणाऱ्याच्या हाती २७० अधिक ८० म्हणजे ३५०, आणि सरासरी ३.५ येईल. हा आकडा पाहून कुणालाही शंका येणार नाही. पण तेवढ्याने तो देश प्रत्यक्षाहून अधिक असमाधानी ठरला.

यात कोणाचे नुकसान होते, हे पाहण्यासारखे आहे. ‘माहीत नाही’ हे उत्तर कमी शिकलेल्या लोकांकडून तुलनेने जास्त येते. काहींना प्रश्न कळत नाही, काहींना तो आपल्याला विचारण्यासारखा वाटत नाही, काहींना अनोळखी माणसासमोर बोलायची धास्ती असते. त्यांचे गप्प राहणे नाराजीच्या खात्यात जमा झाले, तर जे ते बोललेच नाहीत, ते त्यांच्या नावावर लिहिले जाते. आणि ही उत्तरे मुकाट्याने वगळली, तर हे लोक हिशेबातूनच नाहीसे होतात. म्हणून चांगली संकेतपुस्तिका नकार, अज्ञान आणि राहून गेलेली नोंद या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवते. राजकारणातील ‘डावे-उजवे’ मोजण्यासाठी सीएसईएस ० ते १० ची पट्टी वापरते. तिथे ‘डावे-उजवे हे कधी ऐकलेलेच नाही’ या उत्तरालाही ९५ हा स्वतंत्र अंक आहे. कारण मधोमध ५ वर बोट ठेवणारा माणूस आणि ती पट्टीच परकी वाटणारा माणूस एक नव्हेत.

पक्षांच्या नोंदीत आणखी एक खाचखळगा आहे. प्रत्येक देशातील प्रमुख पक्षांना साधारणपणे मिळालेल्या मतांच्या उतरत्या क्रमाने ए, बी, सी अशी अक्षरे दिली जातात. त्यामुळे एका देशाचा ‘पक्ष ए’ आणि दुसऱ्या देशाचा ‘पक्ष ए’ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. एकाच देशातही क्रम बदलतो. जर्मनीत २०१७ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट पहिले होते, २०२१ मध्ये सोशल डेमोक्रॅट. अक्षरावर विसंबून दोन निवडणुका जोडल्या, तर लाखो मतदारांनी न बदललेला पक्ष बदलल्यासारखा दिसेल. म्हणूनच वेगवेगळ्या काळातील माहिती एकत्र जोडताना प्रत्येक पक्षाला कायमचा वेगळा क्रमांक द्यावा लागतो. वॉर्डातील खाट क्रमांक चार म्हणजे रुग्ण नव्हे. खाटेवरचा माणूस बदलतो, त्याचा नोंदणी क्रमांक बदलत नाही.

प्रश्न कसा विचारला, याचीही नोंद लागते. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ असे डॉक्टरांनी विचारले की बहुतेक रुग्ण मान डोलावतात. ‘मतदान केले का?’ या प्रश्नाचे तसेच आहे. सर्वेक्षणात मतदान केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण प्रत्यक्ष मतदानापेक्षा बहुधा जास्त भरते. मत न देणे सांगायला संकोच वाटतो, हे एक कारण. मतदान करणारी माणसेच सर्वेक्षणालाही जास्त वेळ देतात, हे दुसरे. ब्रिटनमध्ये संशोधक मतदान झाल्यावर खूण केलेल्या मतदार याद्या तपासून ही उत्तरे पडताळतात. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून राष्ट्रीय निवडणुकीत मतदान सक्तीचे आहे. ही गोष्ट आकड्यांशेजारी लिहिलेली नसेल, तर तिथले मतदार इतरांपेक्षा फारच जागरूक आहेत, असा समज होईल.

भारतात लोकनीतीचे कार्यकर्ते घरी जाऊन, त्या त्या राज्याच्या भाषेत प्रश्न विचारतात. मत कोणाला दिले, हे तोंडाने सांगायला लावत नाहीत. नमुना मतपत्रिकेवर खूण करून ती सोबतच्या पेटीत टाकायची असते. घरातली माणसे, शेजारीपाजारी भोवती असताना ही सोय महत्त्वाची ठरते. इतर देशांत हाच प्रश्न फोनवर किंवा इंटरनेटवरून विचारला जातो. तिन्ही ठिकाणची उत्तरे एकाच रकान्यात बसतात, पण ती सारख्याच परिस्थितीत दिलेली नसतात. पद्धतीची नोंद असेल, तरच वाचणाऱ्याला हे कळते.

उत्तरे कोणाकडून मिळाली, हेही पाहावे लागते. सकाळच्या ओपीडीत रोजंदारीवरचे मजूर कमी दिसतात, म्हणून ते आजारी पडत नाहीत असे कोणी म्हणत नाही. सर्वेक्षणातही एखादा गट कमी सापडतो. मग त्याच्या उत्तरांना लोकसंख्येतील वाट्यानुसार अधिक वजन द्यावे लागते. हे वजन कशावरून ठरवले, मूळ देशाच्या चमूने दिले की नंतर काढले, हे लिहिलेले नसेल तर ते वापरणे म्हणजे लेबल नसलेल्या बाटलीतले औषध पाजणे.

महाराष्ट्राला असे काम नवे नाही. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा सांभाळत आहे. बालकांचे कुपोषण, महिलांमधील रक्तक्षय, लसीकरण यांची देशादेशांशी आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तुलना करता येते, ती व्याख्या आणि संकेतांक टिकवून ठेवल्यामुळेच.

सीएसईएसची माहिती कोणालाही विनामूल्य मिळते. आधी संशोधकांनी वापरायची आणि मग इतरांनी, असा भेदही नाही. नागपूरचा किंवा कोल्हापूरचा विद्यार्थी तीस देशांची माहिती आपल्या संगणकावर उघडू शकतो. पण फिनलंडमध्ये किंवा ब्राझीलमध्ये तो प्रश्न कसा विचारला गेला, हे पाहायला तो तिथे नव्हता. त्याच्यासाठी संकेतपुस्तिका हाच एकमेव साक्षीदार. म्हणून एखाद्या देशात प्रश्नाचे शब्द थोडे वेगळे होते, मुलाखती लांबल्या, एखादा पर्याय गाळला गेला, तर तशी टीप तिथेच दिली जाते. नंतर चूक आढळली तर ती गुपचूप दुरुस्त करून चालत नाही. शुद्धिपत्र निघते आणि माहितीच्या नव्या आवृत्तीवर वेगळी ओळख असते. केसपेपरवरची चुकीची नोंद खोडून नाहीशी करायची नसते. ती वाचता येईल अशी एका रेषेने छेदून, शेजारी दुरुस्ती, तारीख आणि सही करायची असते. तोच हा नियम.

या कामाला प्रसिद्धी नाही. शोधनिबंधावर नाव येते ते निष्कर्ष काढणाऱ्याचे. ७ आणि ८ मधला फरक लिहून ठेवणारे, तीसेक देशांच्या प्रश्नावल्या शेजारी ठेवून शब्द तपासणारे लोक पडद्याआडच राहतात. संशोधनाला निधी देतानाही या कामाचा विचार अनेकदा शेवटी होतो. पण त्यात काटकसर केली की पुढच्या प्रत्येक निष्कर्षावर शंकेची सावली पडते.

सामान्य वाचकाने संकेतपुस्तिका उघडून बसण्याची गरज नाही. पण मतदारांविषयीची किंवा आरोग्याविषयीची एखादी आकडेवारी समोर आली, तर चार गोष्टी जरूर शोधाव्यात. प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत विचारला? कोणाला आणि किती जणांना? केव्हा आणि कसा, घरी जाऊन, फोनवर की इंटरनेटवर? आणि ज्यांनी उत्तर दिले नाही, त्यांचे काय केले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बातमीत कधी कधी सापडतात. चौथ्याचे क्वचितच सापडते. पण ते जिथे दिलेले असेल, त्या आकड्यांवर थोडा अधिक विश्वास ठेवायला हरकत नाही.