वाळूजमध्ये पियानो : जुना घ्यावा, पण खुंट्या तपासून

हिंदी सिनेमामुळे पियानो म्हणजे बंगल्यातली वस्तू असा आपला समज झालेला आहे. सूट घातलेला हिरो, पार्टी आणि हिरॉईनचं दुसऱ्याशी ठरलेलं लग्न! प्रत्यक्षात उभा पियानो दीडेक मीटर भिंत अडवतो आणि एमआयडीसीत नोकरी करणाऱ्याच्या टू-बीएचकेमध्येही मावतो. माझी धाकटी बहीण कीबोर्डवर शिकत ग्रेडच्या परीक्षेपर्यंत आली, तेव्हा बाबांनी बोनस बाजूला ठेवला आणि "इंजिनिअर होतोयस ना, मग तूच बघ" म्हणून चौकशी माझ्या गळ्यात घातली. त्यात जे कळलं ते इथे देतोय.

जुने पियानो मिळतात ते बहुधा मुंबईत. धोबी तलावच्या परिसरात वाद्यांची जुनी दुकानं आहेत (फुर्टाडोज तर 1865 सालचं), शिवाय वांद्रे किंवा दादर पारशी कॉलनीसारख्या भागांतल्या जुन्या घरांतूनही पियानो विकायला निघतात. कधीकधी "फुकट न्या" असंही सांगतात. मित्रांनो, फुकटला भुलू नका!

पियानोत 88 पट्ट्या आणि सुमारे 220 ते 230 तारा असतात. एकेका तारेवर साधारण 70-80 किलोचा ताण, म्हणजे सगळ्या मिळून 15 ते 20 टन. हा भार बिडाची फ्रेम पेलते. पण प्रत्येक तार ज्या खुंटीला गुंडाळलेली असते ती लाकडात ठोकलेली असते. त्या लाकडाला पिनब्लॉक म्हणतात. नट नाही, लॉक नाही, फक्त घर्षण. मेकॅनिकलवाल्यांनो, इंटरफिअरन्स फिट आठवा. पकड गेली की खुंटी सरकते, सूर उतरतो आणि ट्यूनिंग चार दिवसही टिकत नाही. बाकी पॉलिश, तुटलेली पट्टी, झिजलेली फेल्ट हे सगळं दुरुस्त होतं. पिनब्लॉक बदलायचा तर सगळ्या तारा उतरवाव्या लागतात, आणि तो खर्च स्वस्त पियानोला परवडत नाही.

आता आपली खास अडचण. मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं, त्यामुळे म्हातारी खुंटीही घट्ट वाटते. तोच पियानो मार्च-एप्रिलच्या वाळूजच्या कोरड्या हवेत आणला की लाकूड आकसतं आणि खुंटी ढिली पडते. म्हणून मुंबईत "ठीक आहे" एवढं पुरत नाही, चांगली घट्टच पाहिजे. ट्यूनरला पैसे देऊन सोबत न्यावं. तो लिव्हर लावून निरनिराळ्या भागांतल्या खुंट्या फिरवून बघतो. 5-6 न्यूटन मीटरच्या आतच खुंटी वळत असेल तर सरळ घरी परत यावं.

मोबाईलवरच्या ट्यूनर ॲपने मधल्या सप्तकातला 'ए' बघा. तो 440 हर्ट्झ हवा. 415 आला तर पियानो पूर्ण एक सेमीटोन उतरलेला आहे. फरक 6 टक्क्यांचा दिसतो, पण ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे वर चढवताना 12 टक्के ताण वाढणार, जवळपास दोन टन! गंजलेल्या तारा तिथेच तुटतात.

वरचं झाकण उघडून बघायला लाजू नका. हातोड्यांच्या पुढे पिंजऱ्यासारख्या उभ्या तारांची रांग दिसली, तर तो जुन्या धाटणीचा 'बर्डकेज' पियानो. दुरुस्तीला किचकट, माझ्या मते टाळावा. खालची फळी काढून टॉर्च मारावा. उंदरांनी फेल्ट कुरतडलेली आणि वाळवीची माती इथेच सापडते.

हिशोब करताना किंमत, टेम्पो, हमाल, दोन ट्यूनिंग असं सगळं धरा. वजन 200 किलोच्या पुढे असतं. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही अशा घरात राहणाऱ्यांनी आधी जिन्याचं वळण मोजावं. एवढं करून चांगला नग मिळाला नाही तर वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा, त्यात कमीपणा नाही. रोगट पियानोपेक्षा मुलीचा हात त्यावर नक्कीच चांगला बसेल.

घरी आल्यावर लगेच ट्यूनरला बोलावू नका, लाकडाला इथल्या हवेत तीन-चार आठवडे मुरू द्या. गच्चीखालची तापणारी भिंत टाळा. आणि कूलर! दिवसा दमट वारा, रात्री बंद, असं रोज झालं तर लाकडाची रोज फुगण्या-आकसण्याची कसरत होते. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर आता दुसऱ्या खोलीत असतो, आणि त्यावरून बाबांची रोज कुरकुर असते.