सोबत करणारांचाही विचार हवा

मध्य रेल्वेवर भांडुप व मुलुंड यांच्या दरम्यान नाहूर लागतें. तेथील चाकरमान्यांना घरीं परततां परततां बहुधा दिवेलागण होते. ज्याला रेटिनायटिस पिग्मेंटोझा हा आनुवंशिक नेत्रविकार आहे, त्याला ती वेळच वैरीण होय. या विकारांत बहुधा प्रथम रातांधळेपणा येतो. पुढें दृष्टीच्या कडा झडत जाऊन नळींतून पाहावें तसें मधलेंच तेवढें दिसतें. असा मनुष्य वर्तमानपत्र वाचूं शकतो, पण पायाशीं असलेल्या पाटाला ठेचाळतो. पाहणाराला हें सोंग वाटतें, आणि रोज संध्याकाळीं त्याला आणावयास स्टेशनवर जाणारी पत्नी किंवा आई फाजील लाड करते, असा बोल तिला लागतो.

हा विकार आपल्याकडे फार विरळा नाहीं. नागपूरकडील खेड्यांतील प्रौढांच्या, २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत तो सुमारें ७५० माणसांमागें एकास आढळला. त्याचे प्रकार अनेक आहेत. एका प्रकारांत आईबाप दोघेही डोळस असून प्रत्येकाजवळ एक सदोष जनुक असतो. त्यांच्या प्रत्येक अपत्यास विकार होण्याचा संभव चारांत एक. आतेमामेभावंडांच्या विवाहांत हा योग अधिक जुळतो. म्हणजे येथें वारसा दोन्ही कुळांचा असतो. दुसऱ्या कांहीं प्रकारांत तो आईकडून मुलग्याकडे येतो; पण त्यांतही तिचा अपराध कोणता? तरीही "तुझ्या माहेरचें देणें" हे शब्द ऐकावयाचे सुनेनेंच, आणि धाकट्या मुलाचे डोळे धास्तीनें न्याहाळावयाचे तेही तिनेंच.

एका विशिष्ट जनुकाच्या दोषावरील उपचारास अमेरिकेंत २०१७ सालीं मान्यता मिळाली. परंतु बहुतेक प्रकारांवर अद्याप उपाय नाहीं. म्हणून ही सोबत चार दिवसांची नसून जन्माची आहे. "मागें यांचें कोण पाहील?" या एका प्रश्नापायीं कित्येकींचें माहेरपण, नोकरी आणि झोपही हरपते.

एकत्र कुटुंबाचा उपयोग अशा वेळींच व्हावयास हवा. स्टेशनवर जाण्याचे वार दीर-भावांनीं वांटून घ्यावेत. आठवड्यांतील एक दिवस त्या बाईचा स्वतःचा असावा. घरांतील वस्तु ठरल्या जागीं ठेवाव्या. दारें पुरतीं उघडीं किंवा पुरतीं मिटलेलीं असावीं. जिन्यावर दिवा असावा. रोग्यानेंही पांढरी काठी वापरण्यांत कमीपणा मानूं नये. मुंबईस १९५२ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्था स्वावलंबनाचें शिक्षण देतात. जें त्याला स्वतः करतां येतें तें त्यालाच करूं द्यावें; त्यांत त्याचा मान राहतो आणि सोबत करणारीस विसांवा मिळतो. विवाह ठरविण्यापूर्वीं दोन्ही घरांनीं आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांचा सल्लाही घ्यावा.

दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यानेंसुद्धां, अधिक आधार लागणाऱ्यांसाठीं शुश्रूषा-भत्त्याची योजना असावी, असें सांगितलें आहे. सेवेला मोल असतें हें कायद्यानें ओळखलें. मग ज्या घरासाठीं ती सेवा चालते, त्या घरानें तें ओळखावयास काय हरकत आहे?